सीएमईचे तास भरले, पण वृद्धांचं वैद्यक शिकायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी वीसेक वर्षं जनरल प्रॅक्टिस करणारे एक एमबीबीएस डॉक्टर विचारतात: ओपीडीत आता निम्म्याहून जास्त पेशंट साठीच्या पुढचे असतात. मुलं पुण्या-मुंबईला, आई-वडील गावात. नोंदणीसाठी लागणारे सीएमईचे, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाचे, क्रेडिट पॉइंट दर वेळी भरतात, वृद्धांच्या आजारांवरची व्याख्यानंही ऐकून झाली, पण ओपीडीत बसल्यावर त्यातलं फारसं उपयोगी पडत नाही. आता पन्नाशीत डिप्लोमा करावा, की दुसरा काही मार्ग आहे? आणि आठवड्याला किती वेळ काढावा लागेल?

डॉक्टर, आधी सरळ उत्तर देते. डिप्लोमा केलात तर चांगलंच, पण त्यासाठी थांबून राहू नका. या शाखेत शिकण्यासारखं बरंचसं तुमच्याच जुन्या पेशंटच्या औषधांच्या पिशवीत आणि त्यांच्या चालण्यात आहे. ते नोंद ठेवून, चार सहकाऱ्यांसमोर मांडून शिकलं की अंगात मुरतं. मी स्वतः जेरियाट्रिक, म्हणजे वृद्धांची, ओपीडी चालवते आणि बरीच वर्षं फॅमिली डॉक्टरांची प्रशिक्षणं घेते आहे. त्यातून माझं हे मत पक्कं झालं आहे.

महाराष्ट्र वैद्यक परिषद डॉक्टरांच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट मागते. अट योग्यच आहे. पण तास भरणं आणि हातचं काम बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनडातले डेव्ह डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणावरचे तुलनात्मक अभ्यास एकत्र तपासले होते. नुसत्या व्याख्यानांनी डॉक्टरांच्या कामात फरक पडल्याचं त्यांना दिसलं नाही. जिथे केसवर चर्चा झाली, हाताने करून पाहायला मिळालं, तिथे फरक दिसला.

वृद्धांच्या बाबतीत ही अडचण आणखी वाढते, कारण आपली व्याख्यानं अवयवांप्रमाणे वाटलेली असतात. हृदयाचे तज्ज्ञ हृदयावर बोलतात, किडनीचे किडनीवर, सांध्यांचे सांध्यांवर. प्रत्येकाचं म्हणणं आपल्या जागी बरोबर असतं आणि प्रत्येक जण दोन गोळ्या वाढवतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला हे चार-पाच आजार एकत्र असतात, तेव्हा बरोबर सल्ल्यांची बेरीज चुकीची येते. ती बेरीज तपासणं हे आपलं, म्हणजे फॅमिली डॉक्टरचं काम. ते शिकवणारं व्याख्यान क्वचितच होतं, कारण औषध कमी करण्याच्या विषयाला प्रायोजक मिळत नाही. आयोजक म्हणून हे मी जवळून पाहिलं आहे आणि मला ते फार खटकतं.

ब्रिटनमधले बर्नार्ड आयझॅक्स या शाखेच्या चार मोठ्या समस्या सांगत: हालचाल थांबणं, तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं आणि बुद्धी-स्मृती मंदावणं. यातली एकही एका अवयवाची नाही. घरचे लोकही याच भाषेत बोलतात. ‘अण्णा आठ दिवसांत बसूनच राहिलेत’, ‘आई दोनदा पडली’, ‘रात्री काहीबाही बडबडतात’. न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, हार्ट अटॅक, सोडियम कमी होणं, नवी सुरू केलेली गोळी, यांतलं काहीही या तक्रारीमागे असू शकतं. ताप आणि छातीतलं दुखणं येईलच असं नाही.

आता पिशवीकडे येते, कारण सुरुवात तिथूनच करा असं माझं सांगणं आहे. सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला पुढच्या वेळी घरातली सगळी औषधं घेऊन यायला सांगा. तुम्ही लिहिलेली, दुसऱ्यांनी लिहिलेली, मेडिकलमधून परस्पर आणलेली, शेजारणीने दिलेली, आयुर्वेदिक चूर्णं, डोळ्यांचे थेंब, सगळं. टेबलावर ओता आणि प्रत्येकापुढे तीनच प्रश्न विचारा: हे कशासाठी सुरू झालं, ते कारण आज आहे का, आणि याच औषधाने तर नवी तक्रार आली नाही ना?

आमच्या केस-चर्चेत आलेली एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. शहात्तर वर्षांच्या आजी. पोटात गॅस होतो म्हणून कधीतरी रॅबेप्रॅझोल आणि लेव्होसल्पिराइडची कॅप्सूल पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली. बरं वाटलं, म्हणून नातू जुनी चिठ्ठी दाखवून ती आणत राहिला. काही महिन्यांनी आजींची चाल मंदावली, चेहऱ्यावरचे भाव गेले, चहाचा कप बशीवर वाजू लागला. कंपवाताचं निदान होऊन लेव्होडोपा सुरू झालं. त्याने मळमळ आणि उठल्यावर चक्कर. चक्करीसाठी सिनारिझिन. मग एका पहाटे न्हाणीघरात पडल्या आणि मनगट मोडलं. पिशवी टेबलावर ओतल्यावर क्रम लक्षात आला. लेव्होसल्पिराइड मेंदूतल्या डोपामिनचा मार्ग अडवतं, आणि सिनारिझिनही तेच करतं. दोन्ही बंद केली, न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्याने लेव्होडोपाही हळूहळू उतरवलं. दोन-तीन महिन्यांत आजी पुन्हा स्वतः पोळ्या लाटायला लागल्या. सगळ्यांचं इतकं पूर्ण बरं होत नाही. काहींना आधीपासून सुप्त कंपवात असतो आणि औषध बंद करूनही तो राहतो. पण या चर्चेनंतर कितीतरी डॉक्टरांचे फोन आले, की आमच्याकडेही हीच कॅप्सूल वर्षभर घेणारे पेशंट सापडले.

एका औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून दुसरं औषध देण्याच्या या साखळीवर पॉला रोशन आणि जेरी गुरविट्झ यांनी १९९७ मध्ये लिहिलं. आपल्याकडे रोज दिसणारी दुसरी साखळी म्हणजे रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनने पाय सुजतात, सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी, त्यामुळे कपड्यात लघवी, त्यासाठी मूत्राशय शिथिल करणारी गोळी, आणि तिच्यामुळे बद्धकोष्ठ आणि रात्रीचा गोंधळ. ॲम्लोडिपिनचा डोस कमी केला किंवा औषध बदललं, तर बऱ्याचदा मागची सगळी रांग गळून पडते.

यासाठी वृद्धांना कोणती औषधं टाळावीत हे सांगणाऱ्या दोन याद्या हाताशी ठेवा. एक बीयर्स निकष, जे अमेरिकेत मार्क बीयर्स यांनी १९९१ मध्ये सुरू केले. तिथली जेरियाट्रिक्स सोसायटी ते अद्ययावत करते आणि २०२३ ची आवृत्ती उपलब्ध आहे. दुसरी आयर्लंडमधून आलेली स्टॉप-स्टार्ट यादी, २००८ ची, तिसरी आवृत्ती २०२३ ची. मला दुसरी जास्त आवडते, कारण काय थांबवावं याच्या जोडीला काय द्यायचं राहून गेलं तेही ती विचारते. वरच्या आजींचं मनगट मोडलं तेव्हा हाडांच्या ठिसूळपणावर काहीच सुरू झालं नव्हतं, हे त्या यादीने दाखवलं.

याद्या पाठ करू नका. महिन्याला एक गट घ्या. पहिल्या महिन्यात झोपेच्या आणि ‘टेन्शनच्या’ गोळ्या: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम. दुसऱ्यात क्लोरफेनिरामिन, हायड्रॉक्सिझिन, अमिट्रिप्टिलिन, ट्रायहेक्सिफेनिडिल. साध्या सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिनसुद्धा वृद्धांची लघवी अडवतं आणि डोकं भ्रमित करतं. तिसऱ्यात ग्लिबेनक्लामाइड आणि त्याच्या जातीची मधुमेहाची औषधं. अशक्त, कमी जेवणाऱ्या वृद्धांचं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, सातच्या खाली खेचण्याचा हट्ट इथेच सोडायचा. चौथ्यात डायक्लोफेनॅक आणि त्याची वेदनाशामक भावंडं. त्या महिन्यात त्या गटातलं औषध घेणारा प्रत्येक वृद्ध पेशंट शोधायचा आणि निर्णय केसपेपरवर लिहायचा. एका वेळी एकच औषध बदला. झोपेच्या गोळ्या, बीटा-ब्लॉकर, क्लोनिडिन, स्टेरॉइड, लेव्होडोपा यांना झटक्यात हात लावू नका. जुनी झोपेची गोळी उतरवायला कित्येक आठवडे, कधी महिने जातात. ‘मी ही गोळी काढतोय, काही वाटलं तर लगेच या, पुन्हा देता येते’ हे वाक्य पेशंटला आणि मुलाला दोघांना सांगा. गोळी काढली म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असं घरच्यांना वाटू शकतं.

याच अभ्यासात क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, हिशेब हाताने करायला शिका. ऐंशी वर्षांची, ४० किलो वजनाची बाई, क्रिएटिनिन १.१. लॅबच्या कागदावर नॉर्मल. कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांच्या १९७६ च्या सूत्राप्रमाणे १४० मधून वय वजा केलं की ६०, गुणिले वजन ४० म्हणजे २४००, भागिले ७२ गुणिले १.१ म्हणजे ७९.२, आणि स्त्री म्हणून गुणिले ०.८५. उत्तर येतं मिनिटाला सुमारे २६ मिलि. किडनी चतुर्थांश क्षमतेवर असलेल्या बाईला आपण पूर्ण डोस देत असतो. स्नायूच कमी, म्हणून क्रिएटिनिन कमी दिसतं. दहा पेशंटचा हा हिशेब स्वतः केलात की नजर कायमची बदलते.

पिशवीनंतर चालणं. खुर्चीपासून तीन मीटरवर जमिनीवर चिकटपट्टी लावून ठेवा. नेहमीच्या चपला घालून, काठी असेल तर काठीसह उठायचं, पट्टीपर्यंत नेहमीच्या गतीने जायचं, वळून परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरा. पण घड्याळापेक्षा डोळे महत्त्वाचे. हात टेकून उठतात का, वळताना किती पावलं घेतात, भिंत शोधतात का, बोलायला लागल्यावर थांबतात का? हे व्हिडिओत पाहून येत नाही, रोज पाहून येतं. जोडीला उभ्याने रक्तदाब. पाच मिनिटं आडवं ठेवून मोजा, मग उभं राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० उतरला तर ‘चक्कर येते’ या तक्रारीचं उत्तर बहुधा तिथेच आहे. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्या प्रत्येक आजोबांचा असा रक्तदाब मोजलाच पाहिजे. सिस्टरला शिकवा, तुमचा वेळ जाणार नाही.

स्मृती तपासताना आपल्याकडे वेगळी काळजी लागते. प्रचलित चाचण्या शाळा शिकलेल्यांसाठी बनल्या आहेत. हरियाणातल्या बल्लभगडमधल्या अभ्यासासाठी १९९५ च्या सुमारास निरक्षरांना चालेल अशी हिंदी चाचणी तयार झाली, ती एकदा जरूर पाहा. प्रश्न माणसाच्या जगण्यातून कसे काढायचे हे तिच्यातून समजतं. गावातल्या आजीला इंग्रजी तारीख माहीत नसेल, पण एकादशी होऊन गेली की यायची आहे हे माहीत असतं. ते चुकायला लागलं तर दखल घ्या. भाजीवाल्याचे सुटे पैसे, गॅस बंद करणं, पेन्शनचं पासबुक, एसटीतून नेमक्या फाट्यावर उतरणं, नातवंडांची नावं: वर्षभरात यात काय बदललं ते सुनेला किंवा मुलीला वेगळं विचारा. आणि त्याआधी कान तपासा. कानात मळ साठून ऐकू येत नसलेल्या माणसाला विस्मरणाचं लेबल लागलेलं मी पाहिलं आहे. बी-१२, थायरॉइड आणि उदासीनता यांची शहानिशा ओघाने आलीच. बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहारी पेशंटचं बी-१२ तर पाहायलाच हवं.

ॲडमिट पेशंटमधला डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक येणारा भ्रम, हा स्वतंत्र धडा आहे. आरडाओरडा करणाऱ्या पेशंटकडे सगळ्यांचं लक्ष जातं. जो गुपचूप पडून आहे, ज्याच्याबद्दल मावशी म्हणतात ‘आज बाबा शांत आहेत’, त्याचा सुटतो. फोर-एटी ही चाचणी दोनेक मिनिटांत होते: जागरूकता, चार साधे प्रश्न, महिने उलटे म्हणणं, आणि प्रकृतीत अचानक झालेला बदल. चार किंवा जास्त गुण आले तर डिलिरियम धरून कारण शोधायला लागा. शेरॉन इनूये यांनी १९९९ मध्ये दाखवलं की झोप, पाणी, चष्मा, श्रवणयंत्र, चालवणं आणि सतत ओळख देत राहणं एवढ्यानेच वॉर्डातल्या वृद्धांमधलं डिलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. ही सगळी कामं सिस्टर, मावशी आणि नातेवाईक करतात. म्हणून शिक्षण फक्त डॉक्टरांचं करून भागत नाही.

तुमच्या गावातल्या फिजिओथेरपिस्टना, मेडिकलवाल्यांना, आशाताईंना चर्चेला बोलवा. जुनी चिठ्ठी घेऊन कोण कुठली गोळी नेतो हे मेडिकलवाल्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. हे सगळे हवेत ते सर्वांगीण मूल्यमापनासाठी. म्हणजे शरीर, मन, काम करण्याची ताकद, घर आणि आधार या सगळ्यांकडे एकत्र पाहणं. हॉस्पिटलमध्ये दाखल वृद्धांवरच्या २९ तुलनात्मक चाचण्यांचा कॉक्रेन (वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणारी संस्था) आढावा २०१७ मध्ये आला. त्यात असं मूल्यमापन झालेले जास्त लोक नंतर जिवंत आणि स्वतःच्या घरी राहत असलेले आढळले. हे एकट्याचं काम कुठेच नव्हतं, ते टीमचंच होतं.

गट कसा चालवायचा, हे तुम्ही नेमकं विचारलेलं नाही, पण सगळं अडतं ते इथेच. सहा ते दहा डॉक्टर पुरेत. आयएमएच्या (इंडियन मेडिकल असोसिएशनच्या) शाखेमार्फत किंवा नुसते मित्र म्हणून. महिन्यातून एक संध्याकाळ, दोन केस, व्याख्यान नाही. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत हिपॅटायटिस-सीसाठी सुरू केलेलं इको मॉडेल याच धर्तीचं: दुर्गम भागातले डॉक्टर व्हिडिओवर आपली केस मांडतात, तज्ज्ञ आणि बाकीचे मिळून विचार करतात, आणि पेशंट त्याच डॉक्टरकडे राहतो. शहरातल्या एखाद्या जेरियाट्रिशियनना महिन्याला तासभर ऑनलाइन मागा. आमच्यातले बहुतेक जण आनंदाने देतात. शाखेमार्फत रीतसर परवानगी घेतलीत तर क्रेडिटही मिळू शकतं.

जोडीला स्वतःचं छोटं ऑडिट ठेवा. सत्तरीच्या पुढचे शेवटचे वीस पेशंट घ्या आणि केसपेपरवर पाच गोष्टी आहेत का पाहा: एकूण औषधं, उभ्याने रक्तदाब, वर्षभरात पडणं, वजन, आणि लघवी-झोप-स्मृतीबद्दल विचारल्याची नोंद. सहा महिन्यांनी पुन्हा तेच करा. ऑडिट आणि त्यावरची चर्चा याने कामात होणारी सुधारणा सरासरीने माफकच असते. कॉक्रेन आढाव्यात ती चारेक टक्के निघाली. पण जिथे सुरुवातीची स्थिती वाईट, तिथे फायदा मोठा दिसला, आणि उभ्याने रक्तदाब घेण्याच्या बाबतीत आपली सगळ्यांची सुरुवात खालूनच आहे.

आता डिप्लोमा. भारतात या विषयाची एमडी १९९६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात सुरू झाली, आता डीएनबीही आहे. पण ते पूर्णवेळ रेसिडेन्सीचे मार्ग, तुमच्यासाठी नाहीत. प्रॅक्टिस सांभाळून करणाऱ्यांसाठी इग्नूचा वृद्धवैद्यकातला एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. त्या वर्षीचे प्रवेश आणि जवळचं प्रात्यक्षिक केंद्र आधी विचारून घ्या. कुठलाही अभ्यासक्रम निवडताना मी एकच निकष लावते: पेशंटसमोर उभं राहून शिकायचे दिवस किती? तेच कमी असतील तर फी कितीही माफक असो, सोडून द्या. राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात मुंबईचं जे. जे. रुग्णालय हे प्रादेशिक केंद्रांपैकी एक आहे; तिथल्या किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या जेरियाट्रिक ओपीडीत परवानगी घेऊन आठवडाभर नुसतं बसलात तरी पुष्कळ मिळेल.

एक विषय व्याख्यानांत जवळजवळ येतच नाही, तो शेवटच्या काळातल्या निर्णयांचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता न्यायदंडाधिकाऱ्यांऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करता येतं. ‘उद्या बोलता आलं नाही तर तुमच्या वतीने कोणी ठरवावं?’ हा प्रश्न पेशंट चालता-बोलता असतानाच विचारायचा असतो. तो विचारायची सवय गटात भूमिका घेऊन, एकाने आजोबा आणि एकाने मुलगा होऊन केली तर जमते. पहिल्यांदा सगळ्यांना अवघडल्यासारखं होतं, तिसऱ्यांदा होत नाही.

वेळ म्हणाल तर आठवड्याला दोन तास. एक तास पिशवी आणणाऱ्या दोन-तीन पेशंटना, ओपीडी संपल्यावर, निवांत. दुसरा तास त्यांच्याबद्दल वाचायला आणि नोंद करायला. महिन्यातली एक संध्याकाळ गटासाठी वेगळी. पहिल्या बैठकीला दुर्मिळ केस नेऊ नका. ज्यांच्या चिठ्ठीवर दहाच्या वर औषधं आहेत आणि ज्यांना ‘काही केल्या बरं वाटत नाही’ असे एक आजोबा निवडा. आधीच्या कुठल्या डॉक्टरांनी काय लिहिलं यावर बोलायचं नाही, हे सुरुवातीलाच ठरवून घ्या, आणि पिशवी सोबत आणा.